रेणुकानं लावलेले झेंडे

जानेफळ
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय पंचफुला वहिनी,
सप्रेम जय भीम.

पत्र लिहिण्यास कारण की, आपणांस फोन केला असता आपण तो उचलत नाही, आणि उचलला तरी "बरं बरं" म्हणून ठेवून देता. मागच्या खेपेस मी विचारलं, "गुडघे कसे आहेत?" आपण उत्तर दिलं, "हो, आत्ताच जेवली." सबब हा मार्ग पत्करला आहे.

माझी नात रेणुका शेगावला एका रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला लागली आहे. स्टेशनाच्या बाजूला एका लॉजच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. तिथं दुकानांच्या जाहिराती, लग्नाची गाणी, भजनं असं सगळं भरून देतात. मालक भला माणूस आहे. सकाळी गिऱ्हाईक नसताना घरचं काही भरायचं असेल तर भर म्हणाला. त्यावर रेणुका म्हणाली, "आबा, मोठ्या आबांची गाणी भरून ठेवू."

मले पटलं. शेषरावदादानं आयुष्यात एक गाणं कागदावर लिहिलं नाही. लिहिलं की माणूस पाठ करणं सोडते, असं त्याचं म्हणणं. सवाल मले शिकवले, जवाब तुम्हाले. दादा गेला, गाण्याची पार्टी मोडली, तुम्ही लेकीकडे संग्रामपूरले गेल्या. आता त्याची अर्धी गाणी माह्या तोंडात आहेत अन् अर्धी तुमच्या. मी एकटा गातो तं बायको माहेरी गेलेल्या माणसावाणी वाटते. सवाल विचारतो अन् भिंतीकडे पाहातो.

मागच्या आठवड्यात जाऊन आलो. नवं जाकीट घालून गेलो होतो, ते रेणुकानं दारातच काढायले लावलं. करकर वाजते म्हणे. खोलीच्या भिंतीले गादीवाणी काहीतरी ठोकलं आहे. मधात काच. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे रेणुका. मी गाऊन राह्यलो अन् ती मधामधात एक बटन दाबून राह्यली. दाबलं की समोरच्या पडद्यावर एक लहानसा झेंडा उभा राह्यते. पहिल्या कडव्यात झेंडा, दुसऱ्यात झेंडा. मी समजून गेलो. पोट्टी माह्या चुका मोजून राह्यली. एस. टी.त एवढी वर्षं कंडक्टर होतो, पण माह्यावर असे शेरे कोणत्या चेकरनं मारले नाहीत. मी पेटी बंद केली अन् म्हटलं, "भूक लागली."

तरी तुम्ही या. दोघं असलो म्हणजे झेंडे वाटून घेता येतील.

आपला दीर,
शंकर

*

संग्रामपूर
२ डिसेंबर २०२४

शंकरभाऊजीस जय भीम.

तुमचं पत्र भेटलं. पहिल्या पानावर तुम्ही पुण्याचे होते, दुसऱ्यावर मेहकरले उतरले अन् शेवटी जानेफळले पोचले. एवढा लंबा फेरा कायले घालता? सरळ जानेफळातूनच लिवत जा.

नात कामाले लागली हे लय चांगलं झालं. तिले म्हना, मोठ्या आजीनं पाठीवरून हात फिरवला. अन् तुम्ही तिच्यावर फुगून बसले हे काही बरं नाई. चूक झाली तं झेंडा लागनारच. पार्टीत असताना तुम्ही तिसरं कडवं दुसऱ्याच्या जाग्यावर म्हनत होते, तवा तुमचे दादा पायानं ढोलकीवाल्याले खुनावत होते अन् सगळं सांभाळून घेत होते. काचेपलीकडच्या पोट्टीनं कोनाले खुनवावं? म्हनून बटन दाबते बिचारी.

मले काही येनं जमत नाई. तूर सोंगायची आहे. कापनीले जावई एकटे पडतात. संजीवनीच्या कमरेत उसन भरली आहे. छकुलीले शाळेत पोचवून द्या लागते. माह्ये गुडघे म्हनाल तं तेही आहेतच. अन् म्हाताऱ्या बाईनं एवढ्या दूर जाऊन यंत्रात गानं म्हनावं, हे मले पटत नाई.

तुम्हाले जवाबच पाह्यजे असतील तं मेहकरच्या सुवर्णाबाई आहेत ना. एका जयंतीले तुम्ही तिले घेऊन गायले होते. बाई दिसायले चांगली आहे, फोनही उचलत असंन.

फोन मी उचलत नाई कारन फोनवर मानूस अर्धं बोलते अन् अर्धं खाते. पत्रात पुरं लिवते.

तुमची वहिनी,
पंचफुला

*

जानेफळ
१४ डिसेंबर २०२४

आदरणीय वहिनी,
जय भीम.

घ्या, आता जानेफळातूनच लिहितो.

सुवर्णाबाईचं एवढ्या वर्षांनी बाहेर येईल असं वाटलं नव्हतं. एका कार्यक्रमाले तिनं जवाब म्हटले, तेही पाहून पाहून. तुम्ही तेव्हापासून रुसल्या असाल तं तसं सांगा. मी शेगावची कचोरी घेऊन येतो अन् भांडण मिटवू.

दुसरी गोष्ट झेंड्यांची. मी परत गेलो होतो. या खेपेस रेणुकाले सरळ विचारलं, "किती चुकलो ते सांगून टाक."

ती म्हणाली, "कोण चुकलं आबा?"

"मंग ते झेंडे कायचे?"

ती हसत सुटली. मंग मले काचेपलीकडे बसवलं अन् पडद्यावर दाखवलं. गाणं म्हणजे शेताच्या लांब धुऱ्यावाणी एक पट्टी दिसते, तिच्यावर खाली-वर रेघा. कुत्रं भुंकलं, खोकला आला, तं ती लाल झेंडा लावते. अन् जी जागा काही झालं तरी कापायची नाही, तठी निळा. माह्ये बरेचसे निळे होते वहिनी. मी काचेतून नीट पाह्यलं नव्हतं म्हणून नुसते झेंडे दिसले, रंग नाही. मी तिले म्हटलं, "हे आधी काऊन नाही सांगतलं?" तं म्हणते, "तुम्ही भूक लागली म्हणून निघून गेले ना."

आता ऐका. रेणुकानं माह्ये सवाल रवीच्या फोनवर पाठवले आहेत. तुमचा नातू तुम्हाले लावून देईल. निवांत बसून ऐका अन् मले लिहा की आवाज कसा आला. तुमच्याशिवाय मले खरं सांगणारं आता कोणी राह्यलं नाही.

तूर सोंगून झाली असेलच.

आपला,
शंकर

*

संग्रामपूर
३० डिसेंबर २०२४

शंकरभाऊजीस जय भीम.

तुमचं गानं ऐकलं. रवीनं लावून देलं. आवाज अजून खडा आहे, मी उगीच कायले खोटं बोलू. सुरुवात तुम्ही चांगली उचलली. मधात जरा घाई केली, अन् शेवटी लांबवलं ते उलसं जास्त झालं. पन एकंदरीत तुमच्या दादाले आवडलं असतं. डफही चांगला वाजला. कोन होतं डफावर?

आता माह्यं ऐका. मी येनार नाई. रुसली गिसली काही नाई, कचोरी आननार असाल तं आना, पन मी काही येत नाई. मले आता गानं येत नाई. मानसाचं सगळंच जाते, तसं गानंही जाते. तुम्हाले येते ना, तुम्ही म्हना. जवाबाच्या जाग्यावर पेटी वाजवा.

हा विषय मी आता बंद केला. पुढच्या पत्रात दुसरं काही लिवा. जानेफळले पाण्याचं कसं काय आहे, हरभरा कसा आहे, हे लिवा.

पंचफुला

*

जानेफळ
८ जानेवारी २०२५

वहिनी,
जय भीम.

हरभरा चांगला आहे. पाणी एक दिवसाआड येते. झालं.

आता माह्या आवाजाबद्दल तुम्ही जे लिहिलं त्याचं सांगतो. मी ते पत्र रेणुकाले मोठ्यानं वाचून दाखवलं. घाई केली, लांबवलं, डफ चांगला वाजला, सगळं. ती आधी हसली अन् मंग तिनं पत्र हातात घेतलं. म्हणते, "आबा, आपण डफ कुठं वाजवला?" वाजवलाच नव्हता. तिनं फोन काढून पाह्यला. त्या दिवशी घाईघाईत तिनं रवीले माह्यं गाणं पाठवलंच नव्हतं. ते एका बी-बियाण्याच्या दुकानाची जाहिरात होती. सोयाबीनच्या नव्या वाणाची. तिच्यात शेवटी एक माणूस "त्वरा करा" म्हणते. तेच तुम्हाले उलसं जास्त लांबवलेलं वाटलं असेल.

मी दोन दिवस हसलो. तिसऱ्या दिवशी रवीले फोन केला.

"आजीनं गाणं कसं ऐकलं रे?"

"आबा, आजीनं फोन कानाले लावला, डोळे मिटले अन् मान डोलवली."

"मंग?"

"मंग ते संपलं. मी म्हटलं, आजी, संपलं. तरी डोलवत होती."

वहिनी, मले आता सांगा, कान कधीपासून गेले? संजीवनीले माहीत आहे का? मी इकडे बसून सुवर्णाबाईचा हिशेब लावत होतो अन् तुम्ही तिकडे एकट्या मान डोलवत होत्या.

तुम्ही लिहिलं, गाणं जाते. कान जातात हे मी मानतो. गाणं कुठं जाते? आठवा जरा, त्या काळात आपण काय ऐकून गात होतो? जयंतीले चौकात दोन भोंगे लावत, एक मारुतीच्या पारावर अन् एक विहारावर. दोघांचा आवाज मागंपुढं येत होता. कुत्रे, पोरं, फटाके. माह्या सवालातला एक शब्द तरी तुम्हाले ऐकू येत होता का? तुम्ही माह्या तोंडाकडे पाहून जवाब देत होत्या. अन् दादाच्या पेटीवर कोपर टेकून बसत होत्या. मी विचारलं होतं, वहिनी पेटीवर काऊन रेलतात, तं दादा म्हणाला होता, "तिले सूर हाडातून लागते."

ती पेटी अजून माह्याजवळ आहे. मी वाजवीन, तुम्ही रेला.

शंकर

*

संग्रामपूर
१९ जानेवारी २०२५

शंकरभाऊजी,
जय भीम.

पत्र वाचून आधी राग आला, मंग इतकी हसली की छकुली पाहत राह्यली. सोयाबीनच्या जाहिरातीले मी "तुमच्या दादाले आवडलं असतं" म्हनली. त्यायनं ऐकलं असतं तं त्याच्यावरच एक गानं केलं असतं.

कान मागच्या वर्षीच्या तापात गेले. एक तं पुरा गेला, दुसऱ्यातून उलसं येते, तेही गोधडीच्या आतून बोलल्यावानी. संजीवनीले अर्धं माहीत आहे. डाक्टर मशीन लावा म्हनतात. लावून पाह्यली, तं ताटावाट्याचाच आवाज येते, मानसाचा येत नाई. घरातले आधी मोठ्यानं बोलत होते. मंग थकले. आता मले बोटानं दाखवतात. जेव, ऊठ, चाल. मानूस असं ढोरावानी होऊन जाते. म्हनून तुम्हाले नाई सांगतलं. एका जनानं तरी माह्याशी आधीसारखं भांडावं, असं वाटत होतं.

अन् खरं भेव दुसरंच आहे. मले आता माह्या स्वतःचाच आवाज ऐकू येत नाई. परवा चुलीजवळ मी आपल्यातच एक जवाब म्हनत होती, तं रवी धावत आला, "आजी, काय झालं, कायले रडतं?" मी रडत नव्हती भाऊजी, गात होती. आता तुम्हीच सांगा, असं गानं त्या यंत्रात कायमचं भरून ठेवायचं का? तुमच्या दादाची गानी अन् म्हातारीचं बेसूर रडनं?

तरी तुम्ही पेटीची गोठ काढली अन् मी दोन दिवस झोपली नाई.

मी येते. पन ऐकून घ्या. जठी बेसूर झाली तठी तुम्ही मले खरं सांगायचं, मन राखायचं नाई. जे वाईट आलं ते रेणुकानं पुसून टाकायचं. अन् तुम्ही ते करकरनारं जाकीट घालून याचं नाई. मले ऐकू येत नाई म्हनून काय झालं, दिसते ना.

रवी घेऊन येईल. दुपारच्या बसनं परत जाईन.

पंचफुला

*

जानेफळ
१२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय वहिनी,
जय भीम.

सुखरूप पोचल्याचं रवीनं कळवलं. तुम्ही गाणं संपलं तशा उठल्या अन् "बस निघून जाईन" म्हणून जिना उतरल्या. आम्ही तुम्हाले काही दाखवूही शकलो नाही. तुम्ही गेल्यावर रेणुका अन् मी बसून सगळं ऐकलं. तुम्हाले तं ते ऐकता येणार नाही, म्हणून मी सगळं लिहितो. खरं सांगायचं ठरलं होतं, खरंच सांगतो.

रेणुकानं तुमच्या कानावर चढवलेलं ते ऐकायचं यंत्र होतं तोवर तुम्ही बेसूर होत्या. पहिलं गाणं पुरं वर चढलं, दुसऱ्यात आपण दोघं दोन गावाले गेलो. काचेपलीकडे रेणुका लाल झेंडे लावून लावून थकली. मंग तुम्ही यंत्र काढून टेबलावर आपटलं, तो आवाजही भरला गेला आहे, तठीही लाल झेंडा आहे. त्यानंतर तुम्ही माह्या पेटीवर दोन्ही हात ठेवले. ते आधीचे दोन गाणे पुसले, तुमच्या सांगण्याप्रमाणे.

तिसऱ्या गाण्यापासून सूर लागला. मी मन राखून सांगत नाही. आवाज चिरला आहे, वर जाताना फाटते, पण सुरात फाटते. मी सवाल टाकला:

पोरगी शिकून काय करनार, सांग ना कारभारनी?

अन् तुम्ही, मी "कारभारनी" पुरं म्हणायच्या आधीच, माह्या तोंडातला घास काढून:

शिकून तुमचा अंगठा पुसनार, बसल्या जागी अंगनी.

दोघांचे आवाज एकावर एक पडले. मी रेणुकाले म्हटलं, "हे परत घ्या लागेल, वहिनीले धीर नाही, घरातही अशाच होत्या." ती म्हणाली, "आबा, पाहा." तठी निळा झेंडा होता. म्हणते, सगळ्या गाण्यात ही एक जागा अशी आहे की दोन माणसं खरंच भांडून राह्यलेली वाटतात. असे निळे झेंडे पुष्कळ आहेत. माह्यापेक्षा तुमचे जास्त आहेत, हे मी फक्त एकदाच लिहितो.

आता एका जाग्याचं विचारायचं आहे. शेवटचं गाणं झालं. मी भाता सोडून दिला, तुमच्याकडे पाह्यलं. तुमचे हात पेटीवरच होते अन् डोळे मिटलेले. मी सांगणारच होतो की झालं म्हणून, पण काचेपलीकडून रेणुकानं तोंडावर बोट ठेवलं. तिनं यंत्र बंद केलं नव्हतं. आपण तिघं तसेच बसून राह्यलो. पेटी बंद, कोणाचा आवाज नाही. अन् मंग तुम्ही एकट्याच गायल्या:

नाव नाही घेत मी, नाही सांगत गाव,
भाकर थापते दोघांपुरती, वळखून घे रे भाव.

वहिनी, सूर एका केसाइतकाही हलला नाही. पेटी बंद असताना. अन् हा जवाब मी आयुष्यात ऐकला नव्हता. पार्टीत कधी गायला नाही, दादानं मले याचा सवाल शिकवला नाही.

रेणुकानं झेंडा लावला आहे, पण जवाबावर नाही, त्याच्या आधीच्या शांततेवर. मालकानं ऐकलं, तो म्हणते, एवढी रिकामी जागा ठेवता येत नाही, ऐकणाऱ्याले वाटेल यंत्र बंद पडलं, कापून टाका. रेणुका कापू देत नाही. दोघांचं वाजलं. मी म्हटलं, थांबा, वहिनीले विचारतो.

तं तुम्ही मले तो सवाल लिहून पाठवा. मी पुढच्या आठवड्यात शेगावले जातो, सवाल गातो, रेणुका तो त्या रिकाम्या जाग्यावर बसवून देईल. म्हणजे जोडी पुरी होईल अन् मालकाचंही समाधान होईल.

आपला,
शंकर

*

संग्रामपूर
२३ फेब्रुवारी २०२५

शंकरभाऊजीस जय भीम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा माह्यासाठी, एकदा संजीवनीले मोठ्यानं, अन् एकदा उगीच. संजीवनी आता मले बोटानं दाखवत नाई, पाटीवर लिवून देते. काल तिनं लिवलं, "आई, भाजीत मीठ जास्त झालं." किती दिवसांनी घरात माह्याशी कोनी वाद घातला. मी तिच्याच पाटीवर लिवलं, "मंग उद्यापासून तूच रांध."

खरं सांगतलं, बरं केलं. दोन गाने पुसले, त्याचं काही वाईट वाटलं नाई. यंत्र आपटल्याचं पुसू नका, ते राहू द्या.

आता सवालाचं. नाई सांगत.

रागावू नका, तुमच्यापासून लपवायचं म्हनून नाई. कार्यक्रम संपला की तुम्ही सगळे गप्पा मारत मागून येत होते अन् तुमचे दादा अन् मी पुढं चालत होतो. माह्या हातात कंदील अन् त्यायच्या डोक्यावर पेटी. तवा ते हळूच इचारत होते, मले एकटीले ऐकू जाईल एवढंच. रोज तेच, अन् रोज मी तोच जवाब देत होती. तो सवाल चौकातला नव्हता, भोंग्यातला नव्हता. तुम्ही लय चांगलं म्हनाल भाऊजी, मले माहीत आहे, आता तुमचा आवाजही त्यायच्यासारखाच येते. म्हनूनच तुम्हाले नाई देत.

त्या दिवशी तुम्ही भाता सोडला ते मले हाताले कळलं होतं. गानं संपलं हेही कळलं होतं. मी उठनारच होती.

मालकाले माह्या नावानं सांगा की त्या जाग्यावर यंत्र बंद पडलं नव्हतं. तठी तुमचे दादा इचारून राह्यले होते. कान गेले तसे बाकी सगळे मले ऐकू यायचे बंद झाले, ते तेवढे झाले नाई. रेणुकानं झेंडा बराबर लावला. तिले म्हना, तठी काही भरू नको अन् तठचं काही कापूही नको.

ज्याले एवढा वेळ थांबवत नसंन, त्यानं पुढचं गानं लावावं.

तुमची वहिनी,
पंचफुला